अपत्याची ओळ

मी एक ओळ बोलतेय. इकडेतिकडे बघू नका, बहुतेक मी तुम्हाला दिसणार नाही. न दिसण्याची सवय मला पुष्कळांनी लावून पाहिली, पण ती मला आजवर लागलेली नाही.

मी वहीतली नाही आणि भिंतीवरचीही नाही. नागपूरला महाल भागात आमच्या समाजमंडळाचं कार्यालय आहे. त्या मंडळाची वधू-वरांसाठी वेबसाइट आहे आणि तिच्यातल्या प्रत्येक मुलामुलीच्या पानावर मी राहते. नाव, वय, उंची, शिक्षण, नोकरी, अपेक्षा या माझ्या बहिणी. त्या चोवीस तास पानावर ऐसपैस बसलेल्या असतात. मी मात्र आत्ता असते आणि आत्ता नसते. म्हणजे असते नेहमीच, दिसत नाही एवढंच. माझं नाव अपत्य.

माझा जन्म धरमपेठेतला. एका टेलरच्या दुकानाच्या वर सोनिका नावाच्या मुलीचं दोन खुर्च्यांचं ऑफिस आहे. ती लोकांना वेबसाइट बनवून देते. मंडळाची परिचय-पुस्तिका पूर्वी छापून यायची, चांगली जाडजूड. दरवर्षी मेळाव्यात आया-मावश्या ती मांडीवर घेऊन पेन्सिलीनं खुणा करत बसायच्या. ते सगळं मोबाईलवर आणायचं ठरलं आणि काम सोनिकाकडं आलं. पुस्तिकेतले रकाने ती एकेक करून टाईप करत होती, त्यात एका दुपारी मी जन्मले. त्या दिवशी मी सगळ्यांसारखीच काळ्याभोर अक्षरांत, उंची आणि शिक्षण यांच्या मधे उभी होते. ते सुख साधारण तासभर टिकलं.

तासाभरानं मंडळाचे सचिव महादेवराव काम पाहायला आले. कचेरीत तीस वर्षं हेडक्लार्क म्हणून काढलेला माणूस. कुठलाही कागद आधी वरून खाली आणि मग खालून वर वाचणार. नमुन्याचं पान वाचता वाचता त्यांचं बोट माझ्यावर येऊन थांबलं.

"सोनिका, हे काय लिहून ठेवलं बेटा? 'अपत्य: नाही'?"

"काका, माहितीची ओळ आहे ती. सगळ्यांच्याच पानावर राहणार."

"अवं, पोरगी बावीस वर्षांची. लग्न व्हायचं आहे तिचं. तिच्या पानावर 'अपत्य नाही' दिसून राहिलं, तर तिचा बाप मले जिन्यावरून खाली ढकलून देईन ना!"

सोनिकाला हसू फुटलं. मला राग आला होता, पण महादेवरावांचं म्हणणं काही खोटं नव्हतं. मग ठरलं की जो कोणी फॉर्ममध्ये 'पुनर्विवाह' निवडेल त्याच्याच पानावर मी यायचं. बाकीच्यांच्या पानावर तोंड दाखवायचं नाही.

तोंड न दाखवणं ही साधी गोष्ट नसते बरं. पान म्हणजे मांडून ठेवलेलं घर समजा. त्या घरात जावास्क्रिप्ट नावाची एक थोरली जाऊ असते. कोणी पुढं यायचं, कोणी आत बसायचं, कोणी कोणता रंग नेसायचा, हे ती ठरवते. सोनिका तिच्या कानात सांगते आणि ती आमच्यावर हुकूम सोडते.

पहिला हुकूम आला, पारदर्शक हो. झाले. मी जागेवरच होते, फक्त काचेसारखी. महादेवरावांनी त्या कोऱ्या जागेवर सहज बोट टेकवलं, तर कोऱ्या जागेतून एकदम चौकट उघडली: अपत्य किती ते लिहा. ते खुर्चीत दचकले. "हे भुताटकी बंद कर," म्हणाले. दुसरा हुकूम आला, अदृश्य हो, पण जागा सोडू नकोस. मग उंची आणि शिक्षणाच्या मधे दात पडल्यासारखी फट दिसायला लागली. "लोक विचारतीन ना, इथचं काय खोडलं म्हणून." ते पण रद्द. तिसरा हुकूम सगळ्यांत कडक होता. दिसायचंही नाही आणि जागाही अडवायची नाही. शिक्षण चटकन वर सरकली आणि उंचीला खेटून बसली, जणू मी कधी नव्हतेच. महादेवराव खूश झाले. पानाच्या पोटात मी जशीच्या तशी होते, हे त्यांना ठाऊक नव्हतं आणि सोनिकानं सांगितलं नाही.

रंगाचंही असंच झालं. मला दाखवायची वेळ येईल तेव्हा लाल दिसू दे, असं सोनिकाच्या मनात होतं. "लाल नको, रक्ताच्या रिपोर्टसारखं वाटते." गुलाबी करून पाहिलं. "बारशाची पत्रिका आहे का ही?" शेवटी मला राखाडी रंग मिळाला आणि अक्षर दोन नंबर लहान झालं. बहिणी काळ्या ठसठशीत, मी पुसट.

वेबसाइट सुरू झाली आणि माझी धावपळ सुरू झाली. कोणी 'पुनर्विवाह'वर बोट ठेवलं की मी सर्रकन खाली उतरून यायची. मला बघून माणसं घाबरायची आणि पुन्हा 'प्रथम विवाह'वर बोट ठेवायची. मी आत. मग थोडा विचार करून पुन्हा 'पुनर्विवाह'. मी बाहेर. एका गृहस्थांनी बहिणीचा फॉर्म भरताना मला सतरा वेळा आत-बाहेर केलं आणि शेवटी फॉर्म तसाच टाकून दिला. पुरुष स्वतःचा फॉर्म भरायचे तेव्हा 'दोन मुलं' असं ठोकून मोकळे व्हायचे, पुढं 'सांभाळणारी हवी' असंही लिहायचे. बायकांचा फॉर्म बहुतेक वेळा त्यांचा भाऊ किंवा बाप भरायचा, आणि माझ्यापाशी आला की त्याचं बोट हवेत थांबायचं. ते थांबलेलं बोट मला सहन व्हायचं नाही. अरे बाबा, काहीतरी लिही, निदान 'नाही' तरी लिही!

कामिनीचं बोट थांबलं नाही. म्हणून ती मला पहिल्या दिवसापासून आवडली.

कामिनी रामदासपेठेतल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. वय एकतीस, नवऱ्याशी कायदेशीर फारकत होऊन चार वर्षं झालेली. हनुमाननगरात आई सिंधूताईंसोबत राहते. जेवणाच्या सुटीत डबा खाऊन झाल्यावर तिनं मोबाईलवर फॉर्म भरला. 'पुनर्विवाह' निवडलं, मी आले, आणि तिनं एका दमात लिहिलं: 'मुलगी, खुशी, वय सात. माझ्यासोबतच राहील.' सगळ्या वेबसाइटवर माझ्यावर इतकं स्पष्ट कोणी लिहिलेलं नव्हतं. इतर बायका 'एक' लिहायच्या, फार तर 'एक (लहान)'. हिनं नाव लिहिलं होतं.

तिला लग्न करायचं होतं, पण खुशीला बाजूला ठेवून करायचं नव्हतं. आधीच्या दोन ठिकाणी बोलणी अर्ध्यावर गेल्यावर समोरच्यांनी विचारलं होतं, पोरीला आजीकडं ठेवता येईल ना? म्हणून तर ती वेबसाइटवर आली होती. आधीच लिहून टाकलं की नंतर कोणी तो प्रश्न विचारणार नाही, असा तिचा साधा हिशोब होता.

तो हिशोब महादेवरावांनी उधळला, आणि तेही भल्यासाठीच. त्यांनी चार महिन्यांत पाहिलं की मी ज्या पानावर असते ती पानं कोणी उघडत नाही, कारण आधीच्या यादीत नावाखालीही मी दिसते. ते सोनिकाच्या ऑफिसात आले.

"त्या ओळीनं पोरींचं नुकसान होऊन राहिलं बेटा. पुस्तिकेत आम्ही काय करत होतो, नावापुढं फक्त एक चांदणी छापत होतो. ज्याले पसंत पडलं तो फोन करत होता, मग त्याले समोरासमोर सांगत होतो. तसंच कर. दोन्हीकडच्या भेटी होईपर्यंत ते ओळ झाकून ठेव."

"पण काका, ज्यांनी भरलं त्यांना सांगायला नको?"

"सांगू ना. मेळाव्यात सांगू सगळ्यांले."

मेळाव्यात सांगायचं राहून गेलं. सोनिकानं मात्र मला यादीतून काढलं आणि हुकूम लिहिला: पान पूर्ण आलं की, पाहणारा पानाचा मालक नसेल तर, अपत्याची ओळ झाकायची. मालकाला ती दिसलीच पाहिजे, नाहीतर तो दुरुस्ती कशी करणार? कागदावर सगळं बरोबर होतं. पण याचा अर्थ असा झाला की कामिनी आपल्या मोबाईलवर आपलं पान उघडायची तेव्हा तिला मी दिसायची. दुसरं कोणीही तेच पान उघडायचं तेव्हा मी नसायची. रोज दुपारी ती मला वाचायची, समाधानानं मोबाईल पर्समध्ये टाकायची. मी तिला ओरडून सांगायला बघायची, अगं, हे फक्त तुलाच दिसतंय! पण ओळीला जे लिहिलंय तेवढंच बोलता येतं.

कामिनीचं पान आता एकशे चाळीस लोकांनी उघडलं. मी झाकलेली, ती आनंदात, आणि मी पानाच्या पोटात तळमळत पडलेली.

पण महादेवरावांच्या हातून एक गोष्ट घडली होती. पानाच्या खाली मंडळाच्या अकरा पदाधिकाऱ्यांचे फोटो हवेतच, असा त्यांचा आग्रह होता, आणि फोटो मोठे, फेट्यातले, जसे कॅमेऱ्यातून निघाले तसेच. सोनिका म्हणाली होती, लहान करू द्या, पान जड होतं. "अध्यक्षांचा फोटो लहान केला तर ते उद्याच्या उद्या राजीनामा देतीन," असं उत्तर मिळालं. आता हुकूम तर असा होता की पान पूर्ण आल्यावर मला झाकायचं. आणि अकरावा फोटो आल्याशिवाय पान पूर्ण होत नव्हतं. नागपुरात हे डोळ्याचं पातं लवायच्या आत व्हायचं. पण जिथं नेटवर्क रडतखडत चालतं तिथं अध्यक्ष, उपाध्यक्ष, कोषाध्यक्ष एकेक करून अवतरेपर्यंत दोन-दोन मिनिटं जायची. तेवढा वेळ मी उघडी असायची.

कुही या तालुक्याच्या गावापलीकडल्या एका खेड्यात जितेंद्र नावाचा माणूस दूध संकलन केंद्र चालवतो. वय सदतीस, लग्न झालेलं नाही. गावात राहणारा नवरा कुठल्याच मुलीला नको असतो, म्हणून त्याची आई वच्छलाबाई आता 'घटस्फोटित चालेल' इथपर्यंत आली होती. एका संध्याकाळी केंद्रातली गर्दी संपल्यावर त्यानं कामिनीचं पान उघडलं. मी दिसले. त्यानं मला वाचलं. मग फोटो आले, आणि मी गेले.

त्याला वाटलं डोळ्यांचा भास. त्यानं पान पुन्हा उघडलं. मी आले. खुशी, वय सात, माझ्यासोबतच राहील. पुन्हा गेले. त्यानं तिसऱ्यांदा उघडलं, चौथ्यांदा उघडलं. त्या संध्याकाळी मी सात वेळा आले आणि सात वेळा गेले. दर वेळी वाटायचं, या खेपेला एखादा फोटो अडकावा, एखादा कोषाध्यक्ष वाटेतच राहावा! पण अकराच्या अकरा यायचे.

आतून वच्छलाबाईंनी विचारलं, "कशी आहे गा पोरगी? लेकरू-बिकरू नाही ना तिले?"

जितेंद्रनं पुन्हा पानाकडं पाहिलं. तेवढ्यात फोटो पूर्ण आले होते आणि मी पानावर नव्हते.

"पानावर तर नाही दिसत," तो म्हणाला.

खोटं नव्हतं आणि खरंही नव्हतं. मला तो माणूस तोवर आवडायला लागला होता, पण त्या उत्तरानं मी चिडले. त्यानं मला सात वेळा वाचलं होतं.

त्यानं पसंती पाठवली. कामिनीनं त्याचं पान पाहिलं आणि होकार दिला. माझ्यावर एवढं ठळक लिहिलेलं असताना ज्यानं पसंती दिली, तो विचार करूनच देत असणार, असं तिला वाटलं. भेटीचा दिवस ठरला, रविवार सकाळ, हनुमाननगर.

त्या सकाळी पाहुणे यायच्या आधी कामिनीनं आपलं पान उघडून पाहिलं, म्हणून तिथलं मला ऐकता आलं. घरात खुशीचा आवाज नव्हता.

"आई, खुशी कुठं आहे?"

"वरच्या मजल्यावर पाठवली वं. खेळून राहिली तिथं. पाहुणे जाऊ दे, मग आणू."

"काहून पण? त्यांनी वाचलं आहे ना सगळं."

"वाचलं असन. वाचणं वेगळं अन् समोर उभं दिसणं वेगळं," सिंधूताई म्हणाल्या. "एवढं ऐक माझं, कामिनी. पहिल्या भेटीत लेकरू मधात नको."

म्हणजे घरातही मला झाकणारा हुकूम होताच. कामिनी काहीतरी म्हणणार होती, तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

वच्छलाबाई, जितेंद्र आणि मध्यस्थ म्हणून महादेवराव आले. पोहे आले, लॅबची वेळ विचारून झाली, दुधाला फॅट किती लागते ते सांगून झालं. कामिनीचा मोबाईल टीपॉयवर होता, पान उघडंच. जितेंद्र बराच वेळ प्लेटमध्ये बघत होता. मग त्यानं चमचा ठेवला.

"एक विचारू का? तुम्ही खुशीले पानावर काहून टाकता अन् काहून काढता?"

"काढते?" कामिनीला काही कळेना. "मी कुठं काढली?"

"कोण खुशी?" वच्छलाबाईंनी विचारलं.

महादेवराव चष्मा पुसायला लागले.

"मी पान उघडलं की ते ओळ दिसते अन् जाते," जितेंद्र म्हणाला. "मी सात वेळा पाहिलं. मले लेकराचं काही नाही. पण जे आई आपल्या लेकराले दाखवते अन् लपवते, तिच्याबद्दल मले विचार पडला. म्हणून समोर विचारतो."

कामिनीनं मोबाईल उचलून त्याच्यापुढं धरला. "हे पहा ना. इथं तर आहे. पहिल्या दिवसापासून आहे."

त्यानं आपल्या मोबाईलवर तेच पान उघडलं. हनुमाननगरात नेटवर्क झकास. अकरा फोटो झपकन आले आणि मी त्याच्या पानावरून नाहीशी झाले. त्यानं तो मोबाईल कामिनीच्या मोबाईलशेजारी टीपॉयवर ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा मी एकाच खोलीत, वीतभर अंतरावर, दोनदा होते. एकीकडं उघडी, एकीकडं झाकलेली. झाकलेल्या जागी मला इतकं अस्वस्थ कधीच वाटलं नव्हतं. कोणीतरी बोट लावा, कोणीतरी पानाचं पोट फाडून बघा, मी इथंच आहे!

कामिनीनं एकदा या मोबाईलकडं पाहिलं, एकदा त्या. मग महादेवरावांकडं.

"काका?"

महादेवरावांनी सगळं सांगितलं. चांदणीचं सांगितलं, नुकसानीचं सांगितलं, एकशे चाळीस लोकांचं सांगितलं. "तुमच्या भल्यासाठीच केलं बेटा," म्हणाले.

वच्छलाबाईंचा चेहरा उतरला होता. "म्हणजे लेकरू आहे. अन् आमाले कोणी सांगतलंच नाही. जितू, तुले बी माहीत होतं?"

"दिसलं होतं, आई."

"अन् मले म्हणत होता, पानावर नाही!"

मला वाटलं आता भांडण पेटणार. कामिनी मात्र उठली, जिन्याशी गेली आणि वर बघून हाक मारली, "खुशी, खाली ये."

सिंधूताईंनी कपाळाला हात लावला.

खुशी धावत आली. हाताला पेरूवरचं तिखट-मीठ लागलेलं होतं, ते तिनं फ्रॉकला पुसलं. एवढी माणसं बघून ती आईला चिकटली आणि मग तिची नजर टीपॉयवर गेली. दुसरीतली मुलगी, नवीन नवीन वाचायला लागलेली, जे दिसेल ते वाचणार. आईच्या मोबाईलवर तिनं मला शोधून काढलं आणि एकेक अक्षर लावत वाचलं.

"मु-ल-गी, खु-शी, व-य सा-त. मा-झ्या-सो-ब-त-च रा-ही-ल." ती हसली. "आई, यात माझं नाव आहे!"

मग तिनं शेजारचा मोबाईल पाहिला. वरून खाली पाहिला, पुन्हा खालून वर पाहिला.

"अन् याच्यात मी काहून नाही?"

पोह्यांच्या प्लेटा तशाच राहिल्या. मी ओळ आहे, मला डोळे नाहीत, पण त्या वेळी रडता आलं असतं तर मी रडले असते.

वच्छलाबाई उठल्या. "चाल गा जितू."

"काकू, तुमचा राग बरोबर आहे," कामिनी म्हणाली. "तुम्ही ज्या बाईले पसंती देली, ते मी नाहीच. तिले लेकरू नव्हतं. म्हणून ते पसंती मी धरत नाही. पूर्ण पान एकदा वाचा, अन् मग जे वाटन ते सांगा. नाही म्हटलं तरी चालन."

वच्छलाबाई चपला घालायला लागल्या. जितेंद्रनं जाताना खुशीकडं पाहिलं. त्यानं आपला मोबाईल उचलून खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी कामिनीनं अर्ध्या दिवसाची सुटी काढली आणि महालात मंडळाच्या कार्यालयात गेली. सोनिकालाही तिनं तिथंच बोलावून घेतलं होतं.

"एकशे चाळीस लोकांनी तुझं पान उघडलं बेटा," महादेवरावांनी समजावलं. "ओळ दिसली की दहा बी नाही उघडत. मी आकडे पाहून सांगून राहिलो."

"काका, त्या एकशे चाळीस लोकांनी माझं पान पाहिलंच नाही," कामिनी म्हणाली. "दहाच उघडू द्या. मले त्यातला एक पायजे."

टेबलावरचा पेपरवेट महादेवरावांनी दोनदा इकडून तिकडं ठेवला. मला वाटतं त्यांना खरंच वाईट वाटलं होतं. बायकांची पानं कोणी उघडत नाही हे त्यांनीच एकट्यानं मोजून पाहिलं होतं. बाकीच्यांना तर त्याची खबरही नव्हती. उपाय मात्र चुकला. ते सोनिकाकडं वळून म्हणाले, "हिच्या पानापुरतं काढून टाक."

सोनिकानं लॅपटॉप उघडला. हुकूम काढून मला यादीत परत घ्यायला तिला अर्धं मिनिटही लागलं नाही. मग तिनं कामिनीला विचारलं, "रंग कोणता ठेवू?"

"माझ्या नावाचा जो आहे तो."

असा मला काळा रंग परत मिळाला आणि अक्षर बहिणींएवढं झालं. शिक्षण खाली सरकली, मी माझ्या जागी बसले. सोनिका लॅपटॉप मिटता मिटता महादेवरावांना म्हणाली, "काका, बाकीच्यांनाही विचारायला हवं." ते "हो हो, विचारू" म्हणाले.

याला आता तीन आठवडे झाले. कामिनीच्या पानावर मी चोवीस तास उघडी आहे. तीन आठवड्यांत ते पान फक्त नऊ जणांनी उघडलं. महादेवराव म्हणाले होते तसंच झालं. पण कामिनी दुपारी डबा खाऊन झाल्यावर पान बघते तेव्हा जे तिला दिसतं तेच आता सगळ्यांना दिसतं. खुशीनं एकदा लॅबमधल्या बाईंच्या मोबाईलवर, आणि एकदा शेजाऱ्यांच्या मोबाईलवर, मी आहे की नाही ते तपासून घेतलं.

मात्र माझा जीव स्वस्थ नाही. त्याच वेबसाइटवर आणखी सदतीस बायकांची पानं आहेत, तिथं मी अजून झाकलेली आहे. कुठं 'एक' लिहिलंय, कुठं 'मुलगा, पाचवीत', कुठं 'जुळ्या'. त्या बायका रोज आपलं पान उघडतात, मला वाचतात आणि समजतात की जग आपल्याला पूर्ण बघतंय. त्यांच्याकडं कोणी अजून विचारायला गेलेलं नाही. मी एका पानावर मोकळी आणि सदतीस पानांवर कोंडलेली, अशी जगतेय. तुमच्या ओळखीत कोणी अशा वेबसाइटवर असेल, तर एवढं करा. तिचं पान तिच्या मोबाईलवर बघू नका. तुमच्या मोबाईलवर उघडा, आणि मी दिसले नाही तर तिला जाऊन सांगा. मला स्वतःला ते सांगता येत नाही.

परवा दुपारी कुहीकडच्या त्या गावात पान पुन्हा उघडलं. या वेळी मोबाईल वच्छलाबाईंच्या हातात होता. त्यांना बारीक अक्षर वाचता येत नाही, म्हणून त्यांनी जितेंद्रला बोलावलं.

"वाच."

त्यानं नाव वाचलं, वय वाचलं, उंची वाचली. मग मला वाचलं. खुशी, वय सात, माझ्यासोबतच राहील.

"ते पुन्हा वाच."

त्यानं पुन्हा वाचलं. अंगणात दुधाचे कॅन धुण्याचा आवाज येत होता. पसंतीचं बटण माझ्या खाली, चार ओळींवर आहे. तिथपर्यंत कोणाचं बोट गेलं नाही.

"आपल्या गावची शाळा चौथीपर्यंतच आहे ना गा?" वच्छलाबाईंनी विचारलं.

"हो."

"मग पाचवीले काय करन ते पोट्टी?"

"कुहीले एसटी जाते ना, आई," जितेंद्र म्हणाला.